वाचकांचे प्रश्न : सुगंधी मेणबत्ती नीट का जळत नाही?

दिवाळीत भेट आलेल्या आणि घरी केलेल्या सुगंधी मेणबत्त्यांबद्दल बरीच पत्रं जमली आहेत. कुणाची मधेच विझते, कुणाची काळा धूर सोडते, कुणाला वासच येत नाही. बहुतेकांनी दोष सुगंधी तेलाला दिला आहे. आमचं मत वेगळं आहे. यातल्या निम्म्याहून अधिक तक्रारी वातीच्या आहेत आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच डोक्यावरच्या पंख्याच्या. म्हणून मेणबत्ती बिघडली असं वाटलं की आधी वात बघा.

प्रश्न (पुणे) : काचेच्या ग्लासातली मेणबत्ती रोज संध्याकाळी अर्धा तास लावते. आता वातीभोवती खोल विहीर पडली आहे आणि कडेचं मेण जसंच्या तसं आहे. मेणबत्ती सदोष आहे का? कडेचं मेण वाया जाणार का?

उत्तर : बहुधा मेणबत्ती चांगली आहे, अर्धा तास कमी पडतोय. ज्योतीभोवती वितळलेल्या मेणाचं तळं हळूहळू रुंदावत काचेपर्यंत जायला हवं. पहिल्या वेळी ते जिथवर पोचतं, तिथवरच पुढच्या वेळीही सहज वितळतं आणि पलीकडच्या मेणाची भिंत उभी राहते. भिंत उंच झाली की ज्योतीला हवा कमी मिळते, ती लहान होते आणि विहीर आणखी खोल जाते. ढोबळ हिशोब असा : ग्लासाच्या रुंदीच्या दर अडीच सेंटिमीटरला एक तास. तुमचा ग्लास 8 सेंटिमीटरचा असेल तर पहिल्यांदा तीन तास सलग जळू द्यायला हवा होता. मात्र एका वेळी चार तासांच्या वर नको. तेवढ्या वेळात वातीच्या टोकावर कोळसा साठतो आणि काचही फार तापते.

आता दुरुस्ती. विहीर दोन सेंटिमीटरपर्यंतच असेल तर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल पुरते. वात कापून पेटवा. ग्लासाच्या तोंडावर फॉइलची टोपी अशी बसवा की कडेचं मेण झाकलं जाईल आणि मधे साधारण 3 सेंटिमीटरचं भोक राहील. अडलेली उष्णता कडेच्या मेणावर परतते आणि तासा-दीड तासात भिंत खाली बसते. भोक लहान ठेवलं तर ज्योत गुदमरते आणि सगळी फॉइल काळी होते. या वेळात खोली सोडून जाऊ नका. फॉइल काढताना सांडशी किंवा जाड फडकं वापरा, ती चांगलीच पोळते.

विहीर त्याहून खोल असेल तर मेणबत्ती न पेटवता हेअर ड्रायरची गरम हवा 10-15 सेंटिमीटरवरून कडेकडेने फिरवा. ड्रायर फार जवळ नेला तर पातळ मेण बाहेर उडतं. पाच-सात मिनिटांत वरचा थर सपाट होतो, पण तेवढ्यात वात बुडते, आणि इथेच बरेच जण फसतात. मेण पातळ असतानाच थोडं जुन्या कागदी कपात ओतून घ्या, वातीचं टोक 5-6 मिलिमीटर वर दिसू द्या आणि मेण थिजू द्या. पुढच्या वेळी पेटवाल तेव्हा तळं कडेला पोचेपर्यंत विझवू नका.

तीन-साडेतीन तास जाळूनही कडेला जाड भिंत राहत असेल तर वातच ग्लासाच्या मानाने बारीक आहे. ती चूक करणाऱ्याची, तुमची नव्हे. आणि रोज अर्धाच तास हवा असेल तर मोठा ग्लास घेऊच नका. 5 सेंटिमीटर रुंदीची छोटी डबी घ्या, तिचं तळं लवकर कडेला पोचतं.

प्रश्न (डोंबिवली) : ग्लासाची वरची कड काळी होते आणि भिंतीवरही काजळी बसली आहे. पंखा फक्त एकवर असतो. मेणात भेसळ असेल का?

उत्तर : पंखा एकवर असला तरी पंखाच आहे. ज्योत पिवळी दिसते ती तिच्यातल्या कार्बनच्या तापून चमकणाऱ्या कणांमुळे. हवा स्थिर असेल तर हे कण ज्योतीच्या बाहेरच्या कडेला पोचून जळून जातात. ज्योत हलली की ते अर्धवट जळून निसटतात, तीच काजळी. पंख्याची हवा खाली येऊन भिंतींच्या कडेने परत फिरते, त्यामुळे कोपऱ्यात ठेवूनही सुटका नाही. एक सोपी परीक्षा करा. मेणबत्तीच्या जागी पेटती उदबत्ती धरा. धूर वीतभर सरळ वर गेला तर जागा चांगली. लगेच वेडावाकडा झाला तर तिथे मेणबत्ती नको. पंखा बंद ठेवणं शक्यच नसेल तर मेणबत्ती दुसऱ्या खोलीत लावा.

दुसरं कारण वातीची लांबी. वात 5-6 मिलिमीटरपेक्षा लांब राहिली तर ती जळू शकेल त्यापेक्षा जास्त मेण वर ओढते. टोकाला अळंबीसारखी काळी गाठ धरते ती यामुळेच. प्रत्येक वेळी पेटवण्याआधी, मेण पूर्ण थंड असताना, गाठ काढून वात कापा. ग्लास खोल असेल तर कात्री आडवी बसत नाही, तिथे मोठं नेलकटर कामाला येतं. कापलेला तुकडा मेणात राहू देऊ नका, तो पेट घेऊन दुसरी वात होतो. जळताना ज्योत साधारण अडीच सेंटिमीटर असावी. ती चार-पाच सेंटिमीटर उंच होऊन फडफडू लागली तर विझवा, थंड करा, वात कापा, मग पुन्हा लावा.

विझवताना फुंकर मारली की पांढरा धूर घरभर होतो. त्यापेक्षा जुन्या चमच्याच्या दांड्याने वात क्षणभर पातळ मेणात बुडवा आणि लगेच सरळ उभी करा. धूर होत नाही आणि वातीला मेण लागल्यामुळे पुढच्या वेळी ती चटकन पेटते. ग्लासाची काजळी काच गार झाल्यावर कोरड्या टिशूने पुसा. भिंतीवरच्या काजळीला मात्र ओलं फडकं लावू नका, डाग पसरतो. आधी कोरड्या स्पंजने टिपून घ्या.

प्रश्न (रत्नागिरी) : वात अगदी आखूड कापली गेली. आता मेणबत्ती पेटते, पण पाच मिनिटांत बुडून विझते.

उत्तर : पाच मिनिटं जळते तेवढ्यात वातीभोवतीचं मेण पातळ होतं. विझली की लगेच टिशू पेपरची घडी चिमट्यात धरून ते मेण टिपून घ्या. विझल्यावरच टिपा, पेटती असताना नाही. असं दोन-तीनदा केलं की वातीचं टोक मोकळं होतं. मेण थिजलं असेल तर चमच्याच्या टोकाने वातीभोवती उथळ खळगा करा, वात न दुखावता. टोक 5 मिलिमीटर वर आलं की पेटवा आणि या वेळी तळं कडेला पोचेपर्यंत जळू द्या.

प्रश्न (कोल्हापूर) : सोया मेण आणून घरी मेणबत्ती केली, वात म्हणून कापसाची जाड वात वळून घातली. समईत तासन्तास जळणारी तशीच वात मेणात मात्र कोसळते आणि विझते. असं का?

उत्तर : समईतलं तेल पातळच असतं आणि वात समईच्या काठाला टेकलेली असते. मेणबत्तीच्या वातीला तीन कामं एकदम करावी लागतात : आपलं इंधन आपणच वितळवून वर ओढायचं, गरम मेणात आधाराशिवाय ताठ उभं राहायचं आणि आपलं जळलेलं टोक आपणच संपवायचं. हाताने वळलेल्या कापसाचा पीळ गरम मेणात सुटतो आणि वात आडवी होते.

बाजारातली मेणबत्तीची वात सुती धाग्यांची चपटी वेणी असते. जळताना ती एका बाजूला किंचित वाकते, टोक ज्योतीच्या बाहेरच्या कडेला येतं आणि तिथे जळून राख होतं. ही युक्ती फ्रान्समधल्या कांबासेरेसची, 1825 ची. त्याआधी मेणबत्तीजवळ वातीची कात्री घेऊन बसावं लागे. तेव्हा कापूस समईलाच ठेवा आणि मेण लावलेली, बुडाशी पत्र्याची चकती असलेली तयार वात विकत घ्या.

कोणत्या जाडीची घ्यायची, हा खरा प्रश्न आणि त्याला एका वाक्यात उत्तर नाही. ग्लासाची आतली रुंदी, मेणाचा प्रकार, सुगंधी तेलाचं प्रमाण आणि रंग या चारही गोष्टींवर ते ठरतं. विक्रेत्याच्या तक्त्यात तुमच्या ग्लासाच्या रुंदीपुढे दिलेला नंबर घ्या, शिवाय त्याच्या एक वरचा आणि एक खालचा. एकसारख्या तीन ग्लासांत, एकाच मेणाच्या, एकाच तेलाच्या तीन मेणबत्त्या करा आणि तिन्ही पंखा नसलेल्या खोलीत चार तास जाळा.

तळं दोन ते चार तासांच्या दरम्यान कडेला पोचलं आणि साधारण एक सेंटिमीटर खोल झालं तर वात बरोबर. तासाभरातच पोचलं, ज्योत उंच आणि ग्लासाला हात लावता येत नाही, तर वात जाड. चार तासांनंतरही कडेला बोटभर मेण उरलं तर बारीक. पहिल्या वेळी काचेला मेणाचा पातळ पापुद्रा राहिला तर घाबरू नका, उलट ते बरं. मेणबत्ती अर्ध्याखाली गेली की ग्लासात उष्णता कोंडते आणि तोही वितळतो. म्हणूनच परीक्षा तळापर्यंत करायची असते. वर छान जळणारी जाड वात खाली गेल्यावर काच तडकवते. ग्लास 9-10 सेंटिमीटरपेक्षा रुंद असेल तर एका जाड वातीपेक्षा दोन मध्यम वाती ठेवा.

वात मधोमध राहण्यासाठी चकती हॉट ग्लूने बुडाला चिकटवा आणि वरचं टोक कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरून चिमटा ग्लासाच्या तोंडावर आडवा ठेवा. वात एका बाजूला सरकली तर तिकडची काच जास्त तापते आणि दुसऱ्या बाजूचं मेण वितळतच नाही.

प्रश्न (म्हापसा) : घरच्या मेणबत्तीचा वास झाकण उघडल्यावर मस्त येतो, पेटवली की काहीच येत नाही. तेल आणखी घालू का? थोडं अत्तर घातलं तर?

उत्तर : दोन्ही नको. जळत्या मेणबत्तीचा वास मुख्यतः येतो तो गरम तळ्याच्या पृष्ठभागावरून. तळं लहान राहिलं तर तेल कितीही असलं तरी वास कमीच. तेव्हा आधी वरची वातीची परीक्षा करा. तेल वाढवलंत तर उलट वातीचे धागे चोंदतात, ज्योत लहान होते आणि वास आणखी कमी होतो.

प्रमाण नेहमी वजनाने घ्या, चमच्याने नाही. 100 ग्रॅम मेणाला 6 ते 8 ग्रॅम तेल पुष्कळ झालं. मेणाच्या पाकिटावर कमाल मर्यादा लिहिलेली असते, ती ओलांडू नका. उदाहरणार्थ 500 ग्रॅम सोया मेण घ्या. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचं भांडं ठेवा आणि मेण 80-85 अंशांपर्यंत तापवा. गॅस बंद करा, 40 ग्रॅम तेल घाला आणि दोन मिनिटं संथ ढवळा, फेस होईल इतकं जोरात नाही. साधारण 55-60 अंशांवर ग्लासात ओता. मेण नीट तापलेलं नसताना तेल घातलं तर ते पुरतं मिसळत नाही आणि तळाशी साठतं. अशी मेणबत्ती वर बिनवासाची जळते आणि शेवटी भडकते. थर्मामीटर आणि ग्रॅमचा वजनकाटा याशिवाय हे काम अंदाजाने होत नाही.

ओतल्यावर झाकण लावून सोया मेणाला एक ते दोन आठवडे मुरू द्या. पॅराफिनला दोन-तीन दिवस पुरतात. दुसऱ्या दिवशी पेटवून वास येत नाही म्हणणाऱ्यांना आमचं हेच उत्तर असतं. शिवाय आपलं नाकही वासाला सरावतं. दहा मिनिटं बाहेर जाऊन परत या, मग ठरवा.

अत्तर कोणत्या तेलात बांधलंय आणि ते मेणात मिसळेल का, हे बाटलीवरून कळत नाही. स्प्रेच्या परफ्युममध्ये अल्कोहोल असतं. गरम मेणात त्याची वाफ होते आणि शेजारी गॅस पेटता असेल तर ती पेट घेऊ शकते. गुलाबपाण्याने मेणबत्ती तडतडते, कारण पाणी मेणात मिसळतच नाही. मेणबत्तीसाठीचं म्हणून विकलं जाणारं तेलच घ्या. रंगाचंही तसंच. मेणाच्या खडूतला रंग विरघळत नाही, त्याचे कण वातीत अडकतात आणि ज्योत अशक्त होते. चमचमती पूडही तेच करते.

प्रश्न (नागपूर) : मे महिन्यात कपाटातल्या मेणबत्तीवर तेलाचे थेंब आले. पुसून वापरू का? फ्रीजमध्ये ठेवलेली चालेल का?

उत्तर : ग्लासात ओतायची बरीच सोया मेणं 45 ते 50 अंशांच्या आसपास वितळतात. तुमच्याकडे मे महिन्यात बंद खोलीचं तापमान चाळिशी ओलांडतं, म्हणजे मेण जवळजवळ मऊच असतं. अशा मेणाला तेल धरून ठेवता येत नाही. थेंब टिशूने पूर्ण टिपून घ्या. तेलाचे थेंब वर असताना मात्र पेटवू नका, वरचं तेल एकदम पेटू शकतं. फ्रीज नको. गारव्याने मेण आकसून काचेपासून सुटतं, तडे जातात आणि बाहेर काढल्यावर वर पाणी धरतं. झाकण लावून, कागदात गुंडाळून सर्वांत थंड खोलीत खालच्या कप्प्यात ठेवा.

विदर्भात उन्हाळ्यासाठी स्वतः करणार असाल तर तेल 6 टक्क्यांवर आणा आणि सोया मेणात 10 टक्क्यांपर्यंत मधमाश्यांचं मेण मिसळून बघा. ते 62 ते 64 अंशांना वितळतं, त्यामुळे मेणबत्ती टणक होते. पण हे मेण दाट असतं, म्हणून वात बहुधा एक नंबर जाड लागेल. परीक्षा पुन्हा करावी लागेल, त्याला इलाज नाही.

प्रश्न (सातारा) : सोया मेणबत्तीवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते.

उत्तर : बुरशी नाही, मेणाचे स्फटिक आहेत. सोया मेणात ते होतातच, रंगीत मेणबत्तीत जास्त दिसतात. जळण्यावर किंवा वासावर काही परिणाम नाही. दिसायला खटकत असेल तर रंग घालू नका.

प्रश्न (बेंगळुरू) : लाकडी वातीची मेणबत्ती वारंवार विझते.

उत्तर : लाकडी वात कापसाच्या वातीपेक्षा आखूड लागते, 3-4 मिलिमीटर. लाकूड मेण फार वर ओढत नाही, त्यामुळे उंच टोक कोरडं जळतं आणि विझतं. आधीचा कोळसा थंड झाल्यावर बोटाने मोडून टाका. मग ग्लास किंचित तिरपा करून वातीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ज्योत पसरू द्या. पहिल्यांदा दोन-तीनदा पेटवावी लागली तर त्यात बिघाड काही नाही.

प्रश्न (ठाणे) : नारळाच्या करवंटीत मेणबत्ती करून वर वाळवलेल्या गुलाबपाकळ्या आणि दालचिनी लावतो. भेट द्यायला छान दिसते. सुरक्षित आहे ना?

उत्तर : नाही. करवंटी स्वतः जळण आहे, चुलीत घालतातच. तिच्यात मेण मुरलं आणि तळाशी ज्योत पोचली की तीच पेटते. वाळक्या पाकळ्या मेण शोषतात आणि प्रत्येक पाकळी एक वात बनते. दालचिनीचंही तेच. शोभेसाठी लावायच्याच असतील तर ग्लासाच्या बाहेरून सुतळीने बांधा. बिनझिलईच्या मातीच्या पणतीत मेण झिरपतं आणि खालच्या कापडाला लागतं. पाणी प्यायचे पातळ काचेचे ग्लासही नकोत. मेणबत्तीसाठीची जाड, उष्णता सोसणारी काच किंवा जोड नसलेली पत्र्याची डबी घ्या आणि खाली कोरडी टाइल ठेवा. ओल्या ओट्यावर तापलेला ग्लास टेकवला तर तडकू शकतो. तळाशी एक सेंटिमीटर मेण उरलं की ती मेणबत्ती संपली असं समजा. तिथून पुढे ज्योतीची उष्णता थेट काचेच्या बुडाला लागते.

सगळ्या पृष्ठभागाने पेट घेतलाच तर वर धातूचं झाकण किंवा स्टीलची थाळी ठेवा आणि गार होईपर्यंत उचलू नका. पाणी अजिबात ओतू नका. जळतं मेण शंभर अंशांपेक्षा पुष्कळ गरम असतं. पाणी त्याच्या खाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं मेण वर उडवतं. हीच गोष्ट मेण वितळवतानाही लक्षात ठेवा. भांडं थेट गॅसवर ठेवायचं नाही ते यासाठीच. उकळत्या पाण्यातल्या भांड्यात मेण शंभरच्या वर जात नाही.

प्रश्न (सोलापूर) : संपलेल्या मेणबत्तीचा ग्लास कसा साफ करावा? गरम पाण्याने धुतला तर बेसिन तुंबलं.

उत्तर : गरम पाण्यात पातळ झालेलं मेण पुढे पाइपच्या वळणात जाऊन थिजलं. आता उकळतं पाणी ओतलं तर ते आणखी पुढे जाऊन थिजेल, म्हणून बेसिनखालचा बाटलीसारखा भाग उघडून हाताने काढा. पुढच्या वेळी ग्लास दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि बोथट सुरीने मेण टोचून काढा. आकसल्यामुळे ते बहुतेक वेळा अख्खं सुटतं. निघालं नाही तर ग्लास खोलीच्या तापमानाला येऊ द्या, एका बादलीत ठेवून त्यात कढत पाणी ओता आणि तसाच सोडा. मेण वर तरंगून थिजतं, ती चकती उचलून घ्या आणि पाणी फडक्यातून गाळून टाका. बुडाची पत्र्याची चकतीही एव्हाना सुटलेली असते. ग्लासाला आतून उरलेला तेलकटपणा कोरड्या टिशूने पुसा आणि मगच साबण लावा.